जवानांना हिपॅटायटिस बीपासून वाचवायचे तर नोंद आधी हवी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुलैच्या अखेरीस दोन दिवस पाठोपाठ येतात. २६ जुलैला कारगिल विजय दिन असतो आणि २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन. पहिल्या दिवशी महूच्या छावणीत आणि इंदूरच्या शाळा-महाविद्यालयांत हुतात्म्यांना अभिवादन होते, दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयांत यकृताच्या आजारांविषयीचे फलक लागतात, आणि या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सेनेच्या वैद्यकीय सेवेत उमेदीची सारी वर्षे घालवून मी इंदूरला परतलो आहे. जखमी जवानांच्या मलमपट्टीत, रक्ताच्या बाटल्यांत आणि सुयांच्या डब्यांत ज्याचा दिवस जात असे, त्याला हा संबंध दिसल्याशिवाय राहत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले सैन्यात आहेत किंवा भरतीच्या तयारीत आहेत, म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी घेतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हिपॅटायटिस बीने बाधित असलेले रक्त जवानाच्या अंगात शिरले, तर तयार प्रतिपिंडांचे (विषाणूशी लढणाऱ्या, रक्तातील प्रथिनांचे) इंजेक्शन, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, त्याला या आजारापासून वाचवू शकते. परंतु हे इंजेक्शन तासांच्या हिशेबात मिळावे लागते, आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी त्या जवानाने पूर्वी किती डोस घेतले व त्याच्या रक्तात संरक्षण किती आहे, याची नोंद हाताशी असावी लागते. ही नोंद आणि तिच्यामागचे तीन डोस यांची सुरुवात पलटणीत जाण्यापूर्वी, घरीच व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे भाग आहे. पावसाळा लागला की आपल्याकडे काविळीची भीती पसरते. पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे खाऊ नये, उसाचा रस टाळावा, हे सारे सल्ले योग्यच आहेत. पण ते दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या ए आणि ई प्रकारच्या काविळीसाठी आहेत. बी प्रकारचा विषाणू पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे दुसऱ्याचे दाढीचे ब्लेड किंवा नीट निर्जंतुक न केलेली गोंदणाची सुई यांतूनही तो पोहोचतो. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच महिने जातात आणि अनेकांना लक्षणे दिसतच नाहीत. डोळे पिवळे झाले की माळव्यात आजही गळ्यात काविळीची माळ घालून घेणारे, मंत्राने कावीळ झाडून घेणारे लोक आहेत. ए प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. बी प्रकारात मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी विषाणू यकृतात ठाण मांडून बसलेला असू शकतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी यकृत आकसणे किंवा यकृताचा कर्करोग या रूपाने तो समोर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूसह जगत होते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात असा एखादा माणूस असण्याची शक्यता आहे, मग त्याला स्वतःला ते ठाऊक असो वा नसो.

आता जवानाचे जीवन पाहावे. तो पन्नास-साठ जणांच्या बरॅकमध्ये राहतो. प्रशिक्षणात त्याचे गुडघे-कोपर सोलतात, बॉक्सिंगच्या रिंगणात नाक फुटते. गाडी उलटली, सुरुंग फुटला, गोळी लागली, तर त्याच्या शेजारचा सोबती उघड्या हातांनी रक्त दाबून धरतो; त्या क्षणी हातमोजे शोधत बसणारा सैनिक मी पाहिलेला नाही आणि तसे त्याने करावे असे सांगण्याचे धाडसही मला होणार नाही. नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर उचलणारे, प्रयोगशाळेत आणि दंतविभागात काम करणारे, शस्त्रक्रियागृह धुणारे सफाई कर्मचारी, या सर्वांचा रक्ताशी रोजचा संबंध असतो. शिवाय सुट्टीवर गावी आलेला जवान ताप आला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतो. २००९ साली शेजारच्या गुजरातमध्ये मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ आली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली, हे विसरता येत नाही. बाधित रक्ताची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर रोग लागण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ०.३ टक्के आहे. एचआयव्हीची धास्ती सर्वांना असते आणि या विषाणूची कोणाला नसते, हे मला नेहमी खटकत आले आहे.

सैन्य आणि हा आजार यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना पीतज्वराची लस टोचली. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळलेला होता आणि तो देणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात हा विषाणू होता. १९४२ च्या वसंतापासून छावण्या-छावण्यांतून कावीळ उठली. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत अठ्ठावीस हजारांहून अधिक सैनिक आजारी पडले आणि ६२ जण मरण पावले. त्या वेळी विषाणूची ओळखही पटलेली नव्हती. पुढे १९८७ साली त्या जुन्या सैनिकांचे रक्त तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंदाज निघाला, की प्रत्यक्षात सुमारे ३ लाख ३० हजार सैनिकांना बाधा झाली असावी. शत्रूची एकही गोळी न लागता एवढे मनुष्यबळ अंथरुणाला खिळले. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की प्रौढ वयात बाधा झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या शरीरात हा विषाणू कायमचा राहतो. नवजात बालकांत हेच प्रमाण सुमारे ९० टक्के असते.

तयार प्रतिपिंडे टोचून रोग रोखण्याची कल्पनाही युद्धभूमीवरच मोठी झाली. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात जखमी झालेल्यांना घोड्याच्या रक्तापासून केलेले धनुर्वातविरोधी द्रव्य देऊ लागल्यावर धनुर्वाताचे प्रमाण झपाट्याने घटले. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी सैन्याच्या गरजेपोटी मानवी रक्तद्रवाचे घटक वेगळे करण्याची पद्धत बसवली आणि तिच्यातून गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तद्रवातील प्रतिपिंडांचा भाग, हाती आले. भूमध्य समुद्राच्या आघाडीवर अमेरिकन सैनिकांना ते देऊन साथीची कावीळ रोखता येते, हे १९४५ साली प्रसिद्ध झाले. ती कावीळ आज आपण ज्याला ए म्हणतो त्या प्रकारची होती. बी प्रकाराविरुद्ध हाच उपाय चालेल का, हा प्रश्न मात्र पुढची पंचवीस वर्षे लोंबकळत राहिला.

त्याचे उत्तर पुन्हा सैनिकांकडूनच मिळाले. बरूक ब्लुमबर्ग यांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलिया अँटिजेन, म्हणजे या विषाणूच्या आवरणातील प्रथिन, शोधल्यावर या विषाणूची रक्ततपासणी शक्य झाली. (२८ जुलै हा त्यांचाच जन्मदिवस, १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) दक्षिण कोरियात तैनात होणाऱ्या अमेरिकन सैनिकांना गॅमा ग्लोब्युलिन देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि १९७२ सालच्या एका अहवालातून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्या साठ्यात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे होती, त्या साठ्याने सैनिकांना हिपॅटायटिस बीपासून संरक्षण दिले. म्हणजे कोणाच्याही रक्तद्रवातून काढलेले साधे ग्लोब्युलिन पुरेसे नव्हते. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे भरपूर आहेत अशा दात्यांचा रक्तद्रव वेगळा निवडावा लागणार होता. त्यातूनच आजचे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन आले. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांवर त्याची चाचणी झाली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे विशेष ग्लोब्युलिन मिळालेल्यांपैकी १.४ टक्के लोकांना कावीळ झाली, साधे ग्लोब्युलिन मिळालेल्यांपैकी ५.९ टक्के लोकांना. मी हे आकडे वारंवार सांगतो, कारण त्यांच्यामागे सुई टोचल्यानंतर सहा महिने झोप न लागलेली माणसे उभी आहेत आणि मी तशी माणसे जवळून पाहिली आहेत.

मग सगळ्या पलटणीला हेच इंजेक्शन का देऊ नये, असा प्रश्न मला अनेक जवानांच्या पालकांनी विचारला आहे. तयार प्रतिपिंडे म्हणजे शेजारणीकडून उसने आणलेले पीठ. त्यावर त्या रात्रीची भाकरी होते, वर्षभराचे धान्य भरत नाही. या प्रतिपिंडांचा प्रभाव तीन ते सहा महिने टिकतो आणि मग ती शरीरातून निघून जातात, मागे काही आठवण न ठेवता. पुन्हा धोका आला तर पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते. ते मानवी रक्तद्रवापासून बनते, म्हणून महाग आहे आणि मर्यादित आहे. याउलट लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला शिकवते. पहिली लस १९८१ साली अमेरिकेत मान्य झाली, यीस्टमध्ये बनवलेली आजची लस १९८६ साली आली, आणि १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती भारतात तयार केल्यावर तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा, असा तिचा नेहमीचा क्रम आहे. घाई असेल तर पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी आणि एका वर्षाने, असाही क्रम डॉक्टर देतात. तातडीने सीमेवर जाणाऱ्यांसाठी तो उपयोगी आहे. मात्र लसीचे संरक्षण उभे राहायला आठवडे लागतात. सुई आज टोचली असेल तर हे मधले आठवडे तयार प्रतिपिंडांनीच सांभाळावे लागतात. म्हणून लस न घेतलेल्या माणसाला दोन्ही एकाच वेळी देतात, लस एका दंडात आणि इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या जागी, शक्यतो चोवीस तासांच्या आत. सात दिवस उलटल्यावर दिलेल्या इंजेक्शनाचा उपयोग होतोच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

येथे मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. जागेचे आणि तुकडीचे नाव सांगण्याचे कारण नाही. डोंगराळ भागातील एका लहान दवाखान्यात रात्री अपघाताचा रुग्ण आला. कपाळावरची जखम शिवताना हाताखालच्या तरुण नर्सिंग असिस्टंटच्या डाव्या तर्जनीत सुई मोज्यातून आरपार गेली. त्याने बोट साबणाच्या पाण्याखाली धरले आणि घाबरून ते दाबून-दाबून रक्त काढू लागला. तसे करू नये, नुसते धुवावे, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता. रुग्णाचे रक्त आम्ही तपासणीच्या पट्टीवर टाकले. पंधरा मिनिटे आम्ही दोघे त्या पट्टीकडे पाहत उभे होतो. वरची रेघ लगेच उमटली, ती उमटायचीच असते; खालची उमटली तर रक्तात विषाणू आहे असे समजायचे. खालची रेघ आधी नव्हती, मग फिकट गुलाबी दिसू लागली आणि शेवटी शंकेला जागा उरली नाही. मग त्या मुलाचे वैद्यकीय कागद काढले. हिपॅटायटिस बीच्या रकान्यात शाईची एक बरोबरची खूण होती. तारीख नव्हती, किती डोस झाले ते नव्हते, रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तर नव्हतीच. त्याला स्वतःला दंडावर काही इंजेक्शने घेतल्याचे आठवत होते, पण भरतीनंतर ओळीने उभे राहून घेतलेल्या इंजेक्शनांपैकी कोणते कशाचे, हे कोणाला आठवणार?

लसीचा एक डोस दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होता, तो लगेच दिला. इम्युनोग्लोब्युलिन खालच्या मोठ्या रुग्णालयात होते आणि दरड कोसळल्याने रस्ता बंद होता. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर रसद आणणाऱ्या गाडीतून लसीच्या निळ्या डब्यात ते वर आले. बर्फाच्या पिशव्या हलवून आत पाणी खळखळते आहे ना, हे पाहूनच त्या डब्यात भरलेल्या होत्या, याबद्दल खालच्या ज्या कोणी माणसाने ते पाठवले त्याचे मला आजही कौतुक वाटते. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात आणि थंड प्रदेशात त्यांना उन्हापेक्षा गोठण्याचा धोका अधिक असतो. एकदा गोठलेली हिपॅटायटिस बीची लस पुन्हा वितळली तरी निकामीच राहते. चोवीस तासांची मर्यादा ओलांडून गेली होती, पण इंजेक्शन दिले गेले. त्या मुलाने सहा महिने घरी पत्नीला काही कळवले नाही. सहा महिन्यांनंतरच्या तपासण्या निर्दोष आल्या तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. तो वाचला तो त्या इंजेक्शनामुळे, की पूर्वीच्या डोसांमुळे तो मुळातच सुरक्षित होता, हे आजही सांगता येत नाही. पातळीचा एक आकडा कागदावर असता तर त्या रात्रीच त्याला शांतपणे झोपायला सांगता आले असते.

हा आकडा कोणता, तेही सांगतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे अँटी-एचबीएसची, पातळी तपासतात. ती प्रति मिलिलीटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके किंवा त्याहून अधिक आली तर त्या माणसाला संरक्षण मिळाले असे मानतात. निरोगी माणसात हे एकदा सिद्ध झाले की पुढे पातळी घटली तरी शरीराची आठवण टिकते, आणि सुई टोचल्यावर त्याला इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. मात्र निरोगी प्रौढांपैकी पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात तीन डोसांनंतरही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत; वाढते वय, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळे हे प्रमाण वाढते. त्यांना तीन डोसांची दुसरी फेरी द्यावी लागते आणि त्यातील काही जण त्यानंतरही असुरक्षितच राहतात. अशा जवानासाठी तयार प्रतिपिंडे हाच एकमेव आसरा आहे. बाधित रक्ताशी संपर्क आल्यास त्याला एक महिन्याच्या अंतराने दोनदा इम्युनोग्लोब्युलिन देतात. माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. शंभर जवानांच्या तुकडीत असे चार-पाच जण असतील, तर ते नेमके कोण हे अगोदर कळलेच पाहिजे. सुई टोचल्यावर पातळी तपासायला पाठवून अहवालाची वाट पाहणे शहरात जमते, चौकीवर जमत नाही. आणि इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर लगेच तपासले तर बाहेरून दिलेलीच प्रतिपिंडे दिसतात आणि लस लागू पडली असा खोटा भरवसा मिळतो. त्यासाठी सुमारे सहा महिने थांबावे लागते.

म्हणून सैन्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे, की जवानाच्या कागदांवर केवळ लस दिल्याची खूण न राहता प्रत्येक डोसची तारीख आणि नंतरच्या तपासणीचा आकडा असावा, आणि बदली झाली की तो आकडा त्याच्यासोबत नव्या ठिकाणच्या एमआय रूमपर्यंत, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापर्यंत, पोहोचावा. नर्सिंग असिस्टंट आणि प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ साधेल. इम्युनोग्लोब्युलिन सर्वत्र साठवणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. परंतु कोणत्या ठिकाणाहून किती तासांत ते कोणत्या चौकीवर पोहोचेल, रस्ता बंद असल्यास कोणत्या मार्गाने, हे हिवाळ्यापूर्वी ठरलेले असावे. रसदीचे जसे ठरते तसे. सुई टोचल्याची खबर देणाऱ्याला निष्काळजी ठरवून झापण्याची सवयही जायला हवी, कारण झापले जाण्याच्या भीतीने लपवलेल्या सुईचा हिशेब चोवीस तासांत लागत नाही.

आता आपल्या घरांकडे वळतो. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात हिपॅटायटिस बीची लस २००२-०३ साली मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली, २००७-०८ साली आणखी दहा राज्यांत पोहोचली आणि २०११-१२ पर्यंत देशभर लागू झाली. २०२२ साली अग्निवीर योजना आली तेव्हा भरतीसाठी वयाची अट साडेसतरा ते एकवीस वर्षे ठेवलेली होती. म्हणजे आज चिमणबाग मैदानावर आणि नेहरू स्टेडियमवर पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करणारी मुले, ही लस सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जन्मलेली आहेत. काहींना खासगी दवाखान्यात ती मिळाली, काहींना एखादा डोस मिळाला, अनेकांना मिळालीच नाही. मी या मुलांना विचारतो तेव्हा छाती किती फुगते आणि किती मिनिटांत धावतात, हे ती सेकंदासकट सांगतात. लसीचे विचारले की आईला विचारून सांगतो म्हणतात. आमच्या गल्लीतील एका आईने कपाटातील साड्यांच्या घडीखालून मुलाचे बाळपणीचे कार्ड काढून मला दाखवले. कडा कुरतडलेल्या, घडीवर फाटलेले, पण बीसीजी, पोलिओ, त्रिगुणी, गोवर यांच्या तारखा निळ्या शाईत स्वच्छ होत्या. हिपॅटायटिस बीच्या ओळीत पहिल्या डोसची तारीख होती आणि पुढचे दोन रकाने रिकामे होते. तिला वाटत होते की सगळे झाले आहे. इतकी वर्षे कार्ड जपून ठेवणाऱ्या त्या माउलीचा यात काही दोष नाही. ती ओळ तिला कोणी वाचून दाखवलीच नव्हती. तो मुलगा आता उरलेले डोस घेतो आहे. मध्ये कितीही वर्षे गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेले डोस पूर्ण करता येतात, हेही पुष्कळांना माहीत नसते.

सहा महिन्यांचा हा क्रम भरतीचे पत्र आल्यावर सुरू करून पूर्ण होत नाही. मुलगा अकरावीत असतानाच तो सुरू व्हावा. महूच्या आणि इंदूरच्या ज्या अकादम्या भरतीची तयारी करून घेतात, त्यांनी उंची-वजनाच्या नोंदवहीत लसीचे तीन रकाने वाढवले तर त्यांना काही खर्च नाही. मुलींनाही हे लागू आहे. लष्करी परिचारिका होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलींना तर सर्वांत अधिक.

तपासणीची भीती ही मोठी अडचण आहे, हे मी जाणतो. रक्तात विषाणू सापडला तर भरतीचे दार बंद होईल, लग्न जमणार नाही, शेजारी भांडी वेगळी ठेवतील, असे आईवडिलांना वाटते. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, हे मी येथे मुद्दाम लिहितो. ज्याला बाधा आहे, त्याला ती लवकर कळण्यात त्याचेच हित आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात, आणि नियमित औषधाने विषाणू दबून राहून यकृत वाचू शकते. त्याच्या पत्नीला आणि भावंडांना लस देता येते. बाधित मातेच्या बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास, पुढचे डोस वेळेवर झाले की बहुतेक बाळे सुरक्षित राहतात. तयार प्रतिपिंडांचा सर्वांत सुंदर उपयोग मला हाच वाटतो. छावणीत राहणाऱ्या जवानांच्या गरोदर पत्नींची ही तपासणी चुकू नये, एवढे प्रत्येक कुटुंबाने पाहावे.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. भरती मेळाव्याची तारीख, लागणारी कागदपत्रे आणि धावण्याचे निकष आपण दरवर्षी छापता. पुढच्या वेळी त्याच चौकटीत हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांचा क्रम, प्रतिपिंडांच्या तपासणीची वेळ आणि इंदूर-महू परिसरात प्रौढांना ही लस कोणत्या सरकारी केंद्रांवर मिळते, त्याची माहिती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून घेऊन छापावी. चौकट मेळाव्याच्या आदल्या दिवशी न येता किमान सात-आठ महिने आधी यावी, म्हणजे तिसरा डोस वेळेत बसेल.

आपला नम्र,

सेनेच्या वैद्यकीय सेवेतील एक निवृत्त कर्मचारी
लोकमान्य नगर, इंदूर